अक्काला पाठवलेला फोटो

जयंतचा फोन आला तेव्हा हृषिकेश बाल्कनीत उकिडवा बसून अन्वीच्या सायकलच्या चाकात हवा भरत होता. रविवारची सकाळ, न्युरेम्बर्ग, जून महिना. आत स्वयंपाकघरात त्याची आई यमुनाबाई तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होत्या. जर्मनीत खेड्यात रविवारी पोटाला काही मिळत नाही, अशी तीन महिन्यांत त्यांची पक्की समजूत झाली होती, आणि ती फारशी चुकीचीही नव्हती.

जयंत म्हणजे हृषिकेशचा सांगलीचा मावसभाऊ. त्यानं आडवळण घेतलं नाही. अक्का गेली, म्हणाला. पहाटे, झोपेतच. अक्का म्हणजे त्याची आई वासंती, यमुनाबाईंची थोरली बहीण.

"सगळे आलेत. पण मी थांबवून धरलंय," जयंत म्हणाला. रडून त्याचा आवाज जाड झाला होता. "यमुनामावशीला तोंड बघायचं असेल. व्हिडिओ लावतो. झोपली असेल तर उठवू नकोस, तासभर थांबतो. तू सांग."

हृषिकेशला फक्त आत जाऊन आईच्या हातात फोन द्यायचा होता. बाल्कनीच्या दारापासून शेगडीपर्यंत चार पावलं.

त्याच्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं ते लिहिलंच पाहिजे, कारण पुढे दिवसभर तो स्वतःला वेगळंच सांगत राहिला. आईची शुगर, आईचं बीपी, परक्या देशात तिला झेपणार नाही. हे सगळं नंतरचं. पहिल्यांदा आलं ते हे: उंटरलोहबाख गावातल्या गास्टहोफमध्ये, म्हणजे तिथल्या खाणावळीत, सायकली सांगून ठेवल्यात. आई गुरुवारी परत चाललीय, म्हणजे पुढचा रविवार नाहीच. आता हा रविवार रडण्यात जाणार. मग फ्लाइट अलीकडे घ्यायची, त्यासाठी कॉल सेंटरला तासन् तास फोन लावून बसायचं, आणि उद्या ऑफिसात प्रेझेंटेशन. मावशी मेली हे कळल्यावर ह्या माणसाला आधी वैताग आला. दुःख आलं असेल, पण ते वैतागाच्या मागून आलं.

"नको," तो म्हणाला. "तिला झेपणार नाही, जयंता. तुम्ही उरका."

उरका. जेवणं उरका, भांडी उरका म्हणतात तसं.

जयंत बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

हृषिकेशनं वळून पाहिलं तर दारात अन्वी. डोक्यावर हेल्मेट, हातात पाण्याची बाटली. आठ वर्षांची त्याची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून येते ती जर्मन. अक्काआजी मेली का, असं तिनं जर्मनमध्ये विचारलं. त्यानं तिला जवळ घेतलं आणि समजावलं, की आजीला आत्ता सांगायचं नाही. आजीचा आजचा दिवस छान गेला पाहिजे. संध्याकाळी बाबा सांगेल. अन्वीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यानं बघायचं टाळलं.

मग त्यानं आणखी एक काम केलं. आईचा फोन पॅसेजमध्ये चार्जिंगला होता. सांगलीच्या ग्रुपवर आत्तापर्यंत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली असणार. त्यानं तो फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि आईला म्हणाला, तुझा फोन घरीच राहू दे, तिकडे वायफाय नसतं. फोटो मी काढतो.

"मग अक्काला तूच पाठव," यमुनाबाई पुऱ्या डब्यात भरत म्हणाल्या.

ही सगळी सहलच अक्काला पाठवायच्या फोटोसाठी होती. बहिणींच्या लहानपणी घरात वडिलांची एकच सायकल, तीही जेन्ट्स. नळीखालून पाय घालून अक्का ती आपली आपण शिकली आणि मग तिनं धाकटीला शिकवली, हरिपूरच्या रस्त्यावर, चिंचेच्या झाडांखाली. बहिणी डबलसीट जायच्या, अक्का पुढे, यमुना मागे कॅरिअरवर. लोक वडिलांना नावं ठेवायचे. मग लग्नं झाली, सासरं आली आणि सायकल दोघींचीही सुटली. यमुनाबाई जर्मनीला निघाल्या तेव्हा अक्का म्हणाली होती, तिकडं म्हणे म्हाताऱ्या बायकाही सायकल मारतात. तू मारून दाखव आणि फोटो पाठव. राजवाड्याबिजवाड्यांचे फोटो मला नकोत. यमुनाबाईंनी ते मनावर घेतलं. महिनाभर त्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात सुनेच्या सायकलवर गोल गोल फिरत होत्या. दोनदा पडल्या. शेजारची जर्मन बाई त्यांना बघून टाळ्या वाजवायची.

मीनलला, म्हणजे बायकोला, हृषिकेशनं ट्रेनमध्ये सांगितलं. दारापाशी, सायकली लावायच्या जागेत, दोघंच उभी असताना. ती पांढरीफटक पडली.

"तू कुणाला विचारून नको म्हणालास?"

त्यानं शुगर सांगितली, बीपी सांगितलं. ती ऐकत होती पण मानत नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनंही तेच केलं जे अशा वेळी चांगली शिकलेली माणसं करतात. म्हणाली, आता ट्रेनमध्ये सगळ्यांसमोर कसं सांगणार, घरी गेल्यावर बघू. आणि सासूबाईंसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, आई, पुऱ्यांचा वास फार सुंदर येतोय हो.

उंटरलोहबाख म्हणजे एवढंसं. कांद्याच्या आकाराच्या घुमटाचं चर्च, त्याच्या छपरावर करकोच्यांचं घरटं, लाकडी पट्ट्यांची जुनी ग्रामपंचायत, अग्निशमनाची गाडी ठेवायची शेड आणि चौकात उंच निळापांढरा मेचा खांब. मे महिन्याच्या एक तारखेला गावकऱ्यांनी उभा केलेला, त्यावर सुताराचं, बेकरचं, लोहाराचं अशी धंद्यांची चित्रं. बाहेर पडलं की कार्प माशांची तळी आणि त्यांच्या बांधांवरून सायकलची वाट. गास्टहोफच्या मालकिणीनं ग्र्यूस गॉट असा तिकडचा रामराम करत यमुनाबाईंना नीट न्याहाळलं, आतून एक लाल, खाली वाकलेल्या नळीची सायकल आणली आणि सीट स्वतः खाली केली.

यमुनाबाईंनी सलवार-कमीज घातला होता, वर मीनलचं जाकीट. ओढणी कमरेला गच्च बांधली. एक पाय पेडलवर, दुसऱ्यानं दोनतीनदा ढकललं आणि निघाल्या. चौकाला फेरी मारून मेच्या खांबाखाली ब्रेक लावला आणि एक पाय टेकवून अशा हसल्या की हृषिकेशनं आईला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना.

"काढ. आणि आत्ताच पाठव. नंतर म्हणशील विसरलो."

त्यानं फोटो काढला. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत. आता तो काय करणार होता? त्यानं अक्काचं नाव काढलं. वरती अक्काचा फोटो, तुळशीपाशी उभी. त्यानं पाठवलं. त्याच्या अंगठ्यानंच पाठवलं, दुसऱ्या कुणी नाही.

"गेला?"

"गेला."

"दोन टिका आल्या. निळ्या झाल्या की सांग," यमुनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा सायकलवर बसल्या.

तळ्यांच्या बांधावर त्या सगळ्यांच्या पुढे. मधेच मान वळवून ओरडायच्या, अन्वे, मागे राहिलीस, जर्मनीची ना तू? मीनल त्यांच्या मागोमाग. दोन्ही बाजूंना पाणी, त्यात आभाळ, लांब कुठे तरी ट्रॅक्टर. एवढं सुंदर होतं की हृषिकेशला तेही लागत होतं. आईला हे मिळालं ते माझ्यामुळे, असं त्यानं स्वतःला एकदा म्हणून पाहिलं. ते वाक्य परत म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

एका बाकापाशी तो बूट बांधायला म्हणून थांबला आणि फोन बघितला. टिका निळ्या झाल्या होत्या. खाली जयंतचा मेसेज.

"आत्ताच घाटावरून आलो. आईचा फोन शुभाच्या हातात होता. मावशीचा हसतानाचा फोटो आला. शुभा म्हणतेय, बहीण जळतेय आणि ह्या सायकल फिरवतायत. घरात सगळ्यांनी पाहिलाय. मी काय सांगू?"

शुभा म्हणजे जयंतची बायको. हृषिकेश बाकावर बसला. सकाळी तो "तिला झेपणार नाही" म्हणाला, त्याचा अर्थ सांगलीत असा घेतला गेला होता, की यमुनाला सांगितलं, तिनं बघायला नको म्हटलं, आणि ती फिरायला गेली. त्याला एक ओळ लिहायची होती. आईला माहीतच नाही, मी सांगितलं नाही. त्यानं लिहिलीही. मग वाचली. ती पाठवली असती तर जयंतला कळलं असतं, की आपण आईला न विचारता नको म्हणालो. त्यानं ती ओळ पुसली आणि फोन खिशात टाकला.

म्हणजे बघा. आईचं दुःख वाचवायचं म्हणून निघालेल्या ह्या मुलानं भर दुपारी, शुद्धीत, आपलं नाव राखायला आईचं नाव सांगलीत टांगून ठेवलं. आणि सायकलवर बसून पुन्हा सगळ्यांना गाठलं.

वाटेत एक दगडी क्रूस होता. त्या मुलखात वाटेवर कुणी मेलं की असा क्रूस उभारतात, नाव कोरतात. अन्वीनं सायकल आडवी टाकली, कडेची पांढरी रानफुलं खुडली आणि क्रूसाच्या पायाशी ठेवली. मग सरळ उभी राहून मोठ्यानं म्हणाली:

"फ्युअर अक्काआजी. वाइल झी हॉयटं गेश्टोर्बन इस्ट."

अक्काआजीसाठी. कारण ती आज मेली. आजीच्या समोर, आजीच्या तोंडाकडे बघत.

"अक्काचं काय म्हणाली गं ती?" यमुनाबाईंनी विचारलं. अन्वीला नाही, हृषिकेशला. तीन महिने त्या सगळं त्यालाच विचारत आल्या होत्या. दुकानातली बाई काय म्हणाली, ट्रेनमध्ये काय सांगतायत, शेजारीण कशाला हसली. तो सांगेल ते जर्मनीत घडतंय, असं होतं त्यांचं.

"ती म्हणते, ही फुलं अक्काआजीला आवडली असती."

"आवडली असती कशाला, आवडतील की. काढ फोटो."

त्यानं काढला. मीनलनं तोंड फिरवलं. अन्वी मात्र बापाकडे बघत राहिली. आपलं वाक्य निघालं कुठून आणि पोचलं काय, हे तिला दोन्ही भाषांत कळत होतं. त्या घरात दोन्ही टोकं कळणारी ती आणि तिचे आईबापच होते, आणि ते दोघं गप्प होते.

गावाकडे परतताना, ओढ्याच्या कडेला, पाण्यात चालायचा हौद लागला. बव्हेरियात असे हौद गावोगाव असतात. गुडघाभर गार पाणी, मधे धरायला दांडी, आणि माणसं प्रकृतीसाठी त्यात पाय उचलून उचलून फेऱ्या मारतात. एक म्हातारा आणि त्याची बायको पँट दुमडून तसंच चालत होती, प्रत्येक पाऊल पाण्याच्या पार वर काढून. मीनल म्हणाली, ह्याला हे लोक करकोच्याची चाल म्हणतात. यमुनाबाईंनी तिथून चर्चवरचा खरा करकोचा बघितला, मग हौदातला म्हातारा बघितला, आणि त्यांना हसू आवरेना. तोंडाला ओढणी लावून बाकावर बसल्या.

"हे अक्काला दाखवलंच पाहिजे. लाव रे व्हिडिओ. दुपारची झोप झाली असेल तिची."

"इथे नेटवर्क नाही, आई."

"आहे," अन्वी म्हणाली.

मराठीत म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती शब्द शोधत, एकेक उचलून ठेवल्यासारखी बोलली.

"नेटवर्क आहे. अक्काआजी नाही आहे. ती मेली. सकाळी जयंतकाका फोन केला. बाबा म्हटला, आजीला सांगायचं नाही."

वारली, गेली, देवाघरी गेली, असले शब्द तिला कुणी शिकवलेच नव्हते. तिच्याजवळ एकच होता.

यमुनाबाईंनी ओढणी तोंडावरून खाली घेतली. मीनलकडे बघितलं. मीनलनं मान खाली घातली. मग त्यांनी मुलाकडे बघितलं.

"कधी?"

"पहाटे. झोपेत."

"नेलं?"

"हो."

हौदात पाय वर निघून पाण्यात पडण्याचा आवाज येत होता, डुबुक, डुबुक.

"जयंता मला तोंड दाखवल्याशिवाय नेणार नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "काय म्हणाला तो तुला?"

उत्तर तयार होतं. फोन आला तेव्हा नेऊनच झालं होतं. सांगलीत कोण विचारायला जातंय, आणि जयंतला नंतर सांभाळता आलं असतं. वाक्य जिभेवर आलं. पण आजीच्या शेजारी अन्वी उभी होती, हेल्मेटचा पट्टा चावत, आणि सकाळी फोनच्या वेळी ती बाल्कनीच्या दारात होती.

"थांबतो म्हणाला होता," हृषिकेश म्हणाला. "व्हिडिओ लावतो म्हणाला. मीच म्हटलं, उरका."

त्यानं तोच शब्द सांगितला. दुसरा घातला असता तर तेही खोटंच झालं असतं.

"आणि फोटो?"

"पोचला. शुभावहिनीनं बघितला. सगळ्यांनी बघितला. त्यांना वाटतंय तुला माहीत होतं."

यमुनाबाई रडल्या नाहीत. चष्मा काढून मीनलच्या हातात दिला. जाकीट काढून बाकावर ठेवलं. चपला काढल्या, पायऱ्या उतरून हौदात गेल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात खाली बसल्या. ओंजळ भरून डोक्यावर पाणी घेतलं. पुन्हा घेतलं. आपल्यात माणूस गेल्याचं कळलं की अंघोळ करायची. कळेल तिथं, असेल त्या पाण्यानं. बातमी सकाळची आणि अंघोळ दुपारची, मधल्या वेळात पुऱ्या खाल्ल्या, फोटो काढले. हे कुणी करायला लावलं ते त्या पाण्यात बसून त्यांना पुरतं कळत होतं.

म्हातारा थबकला. हे अंघोळीचं नाही, फक्त गुडघ्यापर्यंत, असं तो चांगल्या शब्दांतच, पण ठामपणे सांगायला लागला. नियम म्हणजे नियम. हृषिकेश कठड्यापाशी गेला आणि त्याला जर्मनमध्ये म्हणाला, की ही माझी आई आहे, तिची बहीण आज गेली आणि तिला आत्ता कळलं. म्हाताऱ्यानं पुढे काही विचारलं नाही. बायकोचा हात धरला आणि दोघं हौदातून बाहेर पडली, सगळं पाणी यमुनाबाईंना मोकळं करून. बायकोनं आपला टॉवेल बाकावर ठेवला.

मावशीचं सुतक त्यालाही लागतं. हृषिकेश खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट निघाला.

"तू राहू दे," यमुनाबाई पाण्यातून म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुझं सकाळीच उरकलंय."

तो एका पायात बूट घालून तसाच बसला.

परतीचं अंतर यमुनाबाईंनी सायकलवरच कापलं, ओल्या कपड्यांनी, अन्वीच्या शेजारून. मीनलनं टॅक्सी बोलवू का विचारलं तर नको म्हणाल्या. गास्टहोफच्या मालकिणीनं काही विचारलं तेव्हा हृषिकेश सवयीनं सांगायला पुढे झाला, तर त्यांनी त्याच्यासमोर हात आडवा धरला आणि नातीकडे वळल्या. अन्वीनं सांगितलं, ती म्हणते... चहा पाहिजे? फुकट. यमुनाबाईंनी मालकिणीला हात जोडले.

स्टेशनवर भोंग्यातून काही सांगितलं गेलं. हृषिकेशनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय म्हणतायत गं?"

"गाडी... उशीर आहे. थोडी."

"बरं." त्या बाकावर बसल्या. मीनलचं जाकीट आता त्यांनी पुन्हा अंगावर घेतलं होतं. "आता जयंतकाकाला फोन लाव. तू लाव."

अन्वी बापासमोर येऊन उभी राहिली आणि हात पसरला. त्यानं फोन अनलॉक करून दिला. पुसलेली ओळ पुसलेलीच होती, त्याच्या वर जयंतचा मेसेज तसाच होता, अन्वीला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं नंबर लावून फोन आजीच्या कानाला धरला. पलीकडे जयंतचा फोन शुभानं उचलला.

आई आता आपल्याला सांभाळून घेईल, असं त्याला त्या क्षणीसुद्धा वाटलं. आया घेतात. म्हणेल, माझी तब्येत बरी नव्हती म्हणून पोरानं सांगितलं नाही. आत्तापर्यंत घेतच आली होती, लहानपणापासून, सगळ्यांपुढे.

"शुभा? मी यमुना," आई म्हणाली. प्लॅटफॉर्मवर दुसरं कुणी नव्हतं, आवाज स्वच्छ येत होता. "मला आत्ता कळलं. सकाळी जयंताला नको म्हणाला तो हृषी, मी नाही. मला विचारलंच नव्हतं. फोटो काढला तेव्हा मला माहीत नव्हतं. हे तू सगळ्यांना सांग. आणि आता मला सांग, तिला साडी कुठली नेसवली?"

पलीकडून शुभा बोलत राहिली आणि यमुनाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मधेच हं म्हणत होत्या. मग एकदम वाकल्या, कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत, आणि अन्वीला फोन धरायला त्यांच्याबरोबर खाली बसावं लागलं. मीनल धावत गेली.

हृषिकेश तिथंच उभा होता, मुलीची छोटी सायकल धरून. तिला स्टँड नव्हता. सोडली असती तर पडली असती.